समुपदेशनाला पहिल्यांदा जाताना

जिल्हा सामान्य रुग्णालयात जायचं तर सकाळच्या ओपीडीतच पोचा आणि सुरू असलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या. पहिल्या भेटीत सल्ला कमी, प्रश्नच जास्त: झोप लागते का, जेवण जातं का, दारू, कर्ज, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का. हा शेवटचा प्रश्न नेहमीचाच आहे. घाबरू नका, खरं सांगा. बोललेलं गुप्त राहतं, जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना कळवतात. सोबत आलेल्यांना थोडा वेळ बाहेर बसवा. भावासमोर सावकाराचा खरा आकडा तोंडातून निघत नाही. एका भेटीत मोकळं वाटलं नाही म्हणून बरेच जण सोडून देतात, तिथंच चुकतं. निदान तीन-चार भेटी द्या. सोयाबीन काढणीत जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, रात्रीही चालतो.