उपग्रहाची एओडी पुण्याच्या सन फोटोमीटरशी कशी ताडायची

उपग्रहाला हवेतली धूळ आणि खालची जमीन एकत्रच दिसते. जमिनीवरून किती प्रकाश परत आला असेल हे धरून, उरलेल्यातून एओडी, म्हणजे हवेतल्या कणांनी किती प्रकाश अडवला त्याचा आकडा, काढतात. धरलेलं चुकलं की आकडा चुकला. सन फोटोमीटर हा जमिनीवरचा प्रकाशमापक थेट सूर्याकडे रोखलेला असतो, जमिनीशी त्याचा संबंधच नाही. त्याची चूक साधारण ०.०१ ते ०.०२, म्हणून पडताळ्याला तोच प्रमाण.

पुण्यात पाषाणला, आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेत, एरोनेट या सन फोटोमीटरांच्या जागतिक जाळ्याचं असं केंद्र आहे. व्हर्जन ३ मधला लेव्हल २.० डेटा घ्या. लेव्हल १.५ मध्ये ढग गाळलेले असतात, पण उपकरण पुन्हा कॅलिब्रेट झाल्यावरची दुरुस्ती नसते. उपग्रहाकडून, नासाच्या ॲक्वा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाची १० किमी पिक्सेलची एमवायडी०४ फाइल पुरे.

बहुतेक घोळ फोटोमीटर विरुद्ध उपग्रह असा आलेख काढण्याआधीच होतात, आणि पहिला घोळ वेळेचा. दोन्हीकडच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. एरोनेटच्या फाइलमध्ये तारीख ०५:०३:२०२१ अशी कोलन (:) टाकून लिहिलेली असते, स्प्रेडशीट तिला घड्याळातली वेळ समजतं; तो रकाना मजकूर म्हणूनच उघडा. मोडिसच्या फाइलच्या नावात तारीख नसते, वर्षातला कितवा दिवस ते असतं: २०२१०६४ म्हणजे ५ मार्च. ॲक्वा दुपारी दीडला जातो हे पाठांतरही आता सोडा. त्याची कक्षा धरून ठेवणं थांबवल्यापासून तो हळूहळू उशिरा येऊ लागला आहे. वेळ फाइलवरूनच घ्या.

मग तरंगलांबी. मोडिसचा आकडा ५५० नॅनोमीटरचा, फोटोमीटरचा ५०० चा. थेट ताडलात तर उपग्रह विनाकारण कमी दाखवतोय असं वाटेल. ५०० ची एओडी ०.४० आणि ॲंगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीनुसार एओडी किती बदलते तो आकडा) १.२ असेल, तर ०.४० × (५५०/५००)^−१.२ = ०.३६. घातांक एरोनेटच्या फाइलमध्ये त्याच ओळीत दिलेला असतो.

आता जोड्या लावा. केंद्राभोवती ५० किमीचा चौकोन म्हणजे साधारण २५ पिक्सेल. त्यातले निदान ५ वैध हवेत, आणि उपग्रह जाण्याच्या आधी-नंतरच्या अर्ध्या तासात फोटोमीटरच्या निदान २ नोंदी. दोन्हीकडची सरासरी घ्या. पुण्याला हा चौकोन मोठाच पडतो: पाषाण ५६० मीटरच्या आसपास, सिंहगड १३०० च्या, आणि डोंगरावर हवेचा थर तेवढा पातळ. म्हणून ३० किमीचा चौकोन घेऊनही एकदा करून बघा. निकाल फार हलला तर दोष उपग्रहाचा नाही, चौकोनाचा.

जमिनीवर मोडिसच्या फाइलमध्ये गुणवत्ता ३ (सर्वांत खात्रीची) असलेलेच पिक्सेल ठेवा. मोडिसचा आकडा ०.००१ ने गुणायचा, −९९९९ (नोंद नाही याची खूण) गाळायचा. एरोनेटमध्ये तशीच खूण −९९९, तीही गाळायची. पण −०.०२ सारखे किंचित ऋण आकडे राहू द्या. मोडिसमध्ये −०.०५ पर्यंतचे वैधच असतात, आणि ते काढले तर स्वच्छ दिवसांची सरासरी उगाच फुगते.

फक्त आर-वर्ग (दोन्ही आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात ते) देऊन थांबू नका. धुरकट दिवस दोन-चार असले तरी तो छान येतो. फरकाची सरासरी, आरएमएसई (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ), जोड्यांची संख्या द्या, आणि ±(०.०५ + फोटोमीटरच्या आकड्याचे १५%) या पट्ट्यात किती जोड्या बसल्या तेही. वरच्या ०.३६ साठी हा पट्टा ०.२६ ते ०.४६. दोन तृतीयांश जोड्या आत आल्या तर उपग्रहाचं गणित अपेक्षेप्रमाणे चाललंय. आलेखाची रेघ शून्यापाशीच वर सरकली असेल तर जमिनीचा अंदाज चुकलाय. शहरातलं काँक्रीट आणि उन्हाळ्यातली उघडी, सुकी जमीन यांत हे हमखास होतं. रेघेचा उतारच १ पासून ढळला असेल, तर कणांचा धरलेला प्रकार तपासा.

हीच पडताळणी पीएम २.५ (हवेतले बारीक धूलिकण) मोजणाऱ्या यंत्राशी करायला जाऊ नका. एओडी संपूर्ण उभ्या थराची, आणि तिला एकक नाही. ते यंत्र नाकापाशची हवा मोजतं. आणि पावसाळ्यात ढगांमुळे जोड्या फारशा मिळत नाहीत, तेव्हा निकालावर ‘वार्षिक’ लिहू नका, ‘ऑक्टोबर ते मे’ लिहा.