म्हातारा टेरियर दत्तक घेताना

पुण्यातल्या शेल्टरमध्ये टेरियर, म्हणजे उंदीर-घुशींच्या मागे लागणारा शिकारी जातीचा कुत्रा, क्वचितच दिसतो. त्यातून आठ-दहा वर्षांचा जॅक रसेल किंवा फॉक्स टेरियर मिळालाच, तर एक गोष्ट धरून चाला: याचे पाय थकतात, नाक थकत नाही. 'म्हातारा आहे, कोपऱ्यात पडून राहील' या हिशेबाने घेणार असाल तर दुसरा कुत्रा बघा.

पहिल्याच भेटीत त्याला पिंजऱ्याबाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं चालवा. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घातली आणि पुन्हा काही झालंच नाही असा चालू लागला, तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची दाट शक्यता. लहान चणीच्या टेरियरमध्ये हे नेहमीचं आहे. नकार द्यायचं कारण नाही, पण वजन आटोक्यात ठेवावं लागेल. डोळ्यातली निळसर झाक बहुधा वयाची असते आणि तिने दिसायचं थांबत नाही. मोतीबिंदू पांढरा दिसतो. फरक डॉक्टरांकडूनच करून घ्या.

ओठ वर करून मागच्या दाढा बघा. तपकिरी कीटण, लाल हिरड्या आणि तोंडाला घाण वास असेल तर दातांचा खर्च धरूनच चाला. भूल न देता केलेलं स्केलिंग (दातांवरचं कीटण खरवडणं) स्वस्त पडतं, पण ते वरवरची चकाकी असते. रोग हिरडीखाली तसाच राहतो. भूल द्यायची म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), किडनी-लिव्हर आणि लघवीची तपासणी हवीच. गोचीडतापाची चाचणीही त्याच वेळी उरका. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर ते टाळू नका, गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो.

कागदपत्रांत लसीकरणाचं कार्ड आणि जुने रिपोर्ट मागून घ्या, नंतर महापालिकेचा परवाना काढा. सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची 2015 ची मार्गदर्शक सूचना छापून जवळ ठेवा. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

घरातल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या सांध्यांना वाईट. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत रबरी पट्ट्या अंथरा. शेल्टरचंच खाणं पहिले दोन-तीन दिवस चालू ठेवा, मग दर दोन दिवसांनी पाव हिस्सा बदला. सात किलोच्या, ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 350 ते 400 कॅलरी पुरतात. दूध-पोळीने बऱ्याच कुत्र्यांचं पोट बिघडतं. पाणी मोजा: किलोमागे 100 मिलीपेक्षा जास्त, म्हणजे या कुत्र्याला दिवसाला 700 मिलीच्या वर लागत असेल, तर किडनी, मधुमेह किंवा कुशिंग (हार्मोनचा आजार) तपासायला हवं. रात्री घरात शू केली म्हणून रागावण्याआधी हे बघा. आणि लंगडतोय म्हणून घरातली पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका.

आता घूस. पार्किंगमधल्या ड्रेनेजपाशी घूस दिसली की दहा वर्षांचा टेरियर वय विसरतो, आणि मान हिसडून साधा गळपट्टा सहज काढतो. छातीवरून जाणारा हार्नेसच घाला. पट्टा दीड-दोन मीटरचा, आपोआप लांबणारा नको. बाल्कनीच्या गजांना खालून दोन फूट जाळी मारा. पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) पसरतो, तेव्हा लेप्टोचा समावेश असलेली लस दरवर्षी, शक्यतो जूनच्या आधी द्या.

त्याहून मोठी भीती उंदराच्या विषाची. पेस्ट कंट्रोल कधी आणि कुठे होणार, हे सोसायटीच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवा. यातली बरीच विषं रक्त गोठू देत नाहीत आणि लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस जातात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता डॉक्टरांकडे पळा, विषाचं वेष्टन सोबत न्या. विष त्या जातीचं असेल तर व्हिटॅमिन के-1 काही आठवडे द्यावं लागतं. कुत्रा बरा दिसला म्हणून डोस मध्येच बंद करायचा नाही.