टाकीतल्या जेट फ्युएलमध्ये बुरशी झालीय का, कसं ओळखायचं

पाणी नसेल तर बुरशी वाढत नाही, म्हणून आधी पाणी शोधायचं. टाकी भरल्या भरल्या सॅम्पल काढून काही उपयोग नाही, इंधन नीट स्थिर होऊ द्या आणि मग सगळ्यात खालच्या ड्रेनमधून काढा, कारण हे जीव पाणी आणि इंधन भेटतात त्या थरातच राहतात (वरचं इंधन चकाचक दिसतं आणि तिथेच आपण फसतो). स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या, गोल फिरवा, मग उजेडासमोर धरून बघा. मधल्या रेषेवर जाळीसारखा पापुद्रा, तपकिरी-काळा चिकट गाळ किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर समजा गडबड आहे. फिल्टर सारखे चोक होत असतील तर तोही इशाराच.

पण डोळ्यांवर विसंबू नका. निर्जंतुक बाटलीत वेगळं सॅम्पल घेऊन टेस्ट किट लावा, अँटीबॉडीवाली किट (जंतूंचे अंश ओळखणारी) काही मिनिटांत सांगते, कल्चरवालीला (जंतू वाढवून बघणारीला) काही दिवस लागतात पण जिवंत जंतूच मोजते. रिझल्ट वाईट आला तर लगेच टाकीत जंतुनाशक औषध ओतू नका, आधी दुसरं सॅम्पल, कारण हात किंवा बाटली घाण असली तरी पॉझिटिव्ह येतं.