उलटा चार: साल असलेली जुनी युरोपी नाणी कशी जमवावीत

नाशिकच्या सराफ बाजारात "जुनं परदेशी नाणं आहे का?" असं विचारलं की आधी पुतळी पुढे येते. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं डुकाट. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. १२८४ मध्ये सुरू झालेला हा नमुना पुढे पाचशे वर्षं जवळपास तसाच चालला. त्याच्या नकला आपल्याकडच्या सोनारांनीही पुष्कळ केल्या. नाणं देखणं, पण त्यावर साल नाही. काळ काढायचा तर डोजेचं नाव वाचावं लागतं. माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासण्यात गेली. आकडा दिसला नाही की मला चैन पडत नाही. म्हणून मी ठरवलं, जमवायचं ते साल असलेलं, आणि १५०० च्या आतलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी कुठे शोधू नये ते सांगतो, त्यात पैसे वाचतात. इंग्लंड नको. तिथे चांदीच्या नाण्यावर साल आलं ते सहाव्या एडवर्डच्या काळात, सोळाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी तर ११८० ते १२४७ या काळातल्या पेनींवर राजा कुणीही असो, नाव 'हेन्रिकस' असंच. रिचर्ड गेला, जॉन आला, ठशावरचं नाव बदललं नाही. फ्रान्सचीही तीच गत. शोध घ्यायचा तो जर्मन भाषकांच्या मुलखात, स्वित्झर्लंडमध्ये आणि आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या पट्ट्यात.

युरोपातलं इसवी सन असलेलं सगळ्यात जुनं ज्ञात नाणं डेन्मार्कमधल्या रोस्किल्डचं, १२३४ चं, रोमन आकड्यांतलं. ते आपल्याला मिळणार नाही, विसरून जा. आखेन शहराने १३७२ पासून ग्रोशेन नावाच्या चांदीच्या नाण्यांवर साल घालायला सुरुवात केली. तेही रोमन आकड्यांत: एम, तीन सी, एल, दोन एक्स, दोन आय. ज्या अंकांना जग अरबी म्हणतं आणि जे मुळात आपले, त्या अंकांत इसवी सन लिहिलेलं पहिलं नाणं स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनचं. १४२४ चा प्लापार्ट, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, त्यावर त्या गावचं अस्वल. शून्य-एक-दोन इथून निघाले, बगदाद-स्पेन करत गेले आणि तिथल्या टांकसाळीत पोचायला एवढी शतकं लागली. आपल्या पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून राजाच्या डोक्यामागे शक वर्ष ब्राह्मी अंकांत येतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा: काही विकत घ्यायच्या आधी त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला जा. तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, संग्रहालय आहे. युरोपी नाण्यांसाठी जायचं नाही, झिजलेल्या धातूवरचं अक्षर वाचायची सवय डोळ्याला लागावी म्हणून जायचं.

खरी अडचण अंक वाचण्याची आहे, आणि तिथे मी स्वतः अडकलो होतो. माझ्याकडे बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सचा (बेल्जियम-हॉलंडचा पट्टाही त्याच्याच ताब्यात होता) एक 'डबल ब्रिके' नावाचा शिक्का आहे. चांदीचा, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. समोरासमोर बसलेले दोन सिंह आणि चकमक. चकमक ही त्या ड्यूक घराण्याची खूण. पाकिटावर विक्रेत्याने १४७४ लिहिलं होतं. मला भिंगातून एक उभी रेघ, एक फास, एक कौलारू छप्पर आणि पुन्हा एक फास एवढंच दिसे. चार कुठे, सात कुठे? दोन संध्याकाळ त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी नात टेबलाच्या पलीकडे बसली होती. दुसरीतली पोर. तिच्या बाजूने नाणं उलटं होतं. म्हणाली, "आबा, हा आपला मराठी चार आहे ना?"

होता! त्या काळातला युरोपी चार म्हणजे डोक्यावर फास आणि खाली एकमेकांना छेदून गेलेले दोन पाय. आपला '४' उलटा धरा, झाला तो चार. छप्पर म्हणजे सात. इथे एक खड्डा आहे: अरबी लिपीतल्या नाण्यांवर हेच छप्पर म्हणजे आठ. तुम्ही आधी सुलतानांची नाणी हाताळली असतील तर हात आपोआप आठ लिहितो. पाच तर दर टांकसाळीला निराळा. त्यासाठी वहीत एक पान राखून ठेवा आणि दिसेल तो पाच तिथे जसाच्या तसा काढा. माझ्या पानावर सध्या सहा तऱ्हा आहेत.

वाचायची पद्धत साधी आहे. कडेच्या गोल लेखात वरच्या अंगाला बहुधा छोटा क्रॉस असतो. तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वाचत जायचं, साल बहुतेक वेळा लेखाच्या शेपटाला सापडतं. उजेड एकाच बाजूने, तिरका. माझं काम दिवाणखान्याच्या खिडकीशी सकाळी आठ वाजता होतं, ट्यूबलाइटखाली होत नाही. शतक गाळून नुसते शेवटचे दोन अंक घातलेलेही दिसतात, तेव्हा राज्यकर्त्याच्या नावावरून शतक पक्कं करा.

वाचलेलं साल लगेच आपल्या कॅलेंडरला जोडू नका. चार्ल्स नान्सीच्या लढाईत पडला ती तारीख ५ जानेवारी १४७७. पण त्याच्या मुलखात नवं वर्ष ईस्टरला लागे, म्हणून तिथले लोक तेव्हा १४७६ च लिहीत होते. स्पेनमध्ये आणखी वेगळं, त्यांचा जुना संवत इसवी सनाच्या ३८ वर्षं पुढे. आपण शकात ७८ मिळवतो, तिथे ३८ वजा करायचे.

पहिली खरेदी १५०० च्या आतली करू नका, हे जरा विचित्र वाटेल. हंगेरीच्या दुसऱ्या लायोशचे १५२० च्या दशकातले दिनार किंवा पोलंडच्या पहिल्या सिगिस्मुंडचे १५०७ पासूनचे अर्धे ग्रोश घ्या. सालासकट मिळतात आणि त्या मानाने स्वस्त पडतात. पाच-सहा हाताळले की ठोकून पाडलेल्या पातळ पत्र्याची लवचिक, किंचित वाकडी जात बोटांना कळते. मग ओतीव नक्कल हातात आली की खटकते: कड गुळगुळीत किंवा कानशीने घासलेली, अक्षरांच्या कडा साबणासारख्या, पृष्ठभागावर बारीक छिद्रं. मिलिग्रॅम नको, पण शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा हवाच. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या हाल टांकसाळीचा १४८६ चा गुल्डिनर कुणी स्वस्तात देऊ केला तर हात जोडा. एकतीस ग्रॅमहून जड चांदीचं ते मोठं नाणं पुढच्या सगळ्या थालरांचा, म्हणजे चांदीच्या मोठ्या नाण्यांचा, पूर्वज, त्यामुळे आठवण म्हणून विकायच्या नकला त्याच्या भरपूर निघाल्या आहेत.

परदेशी लिलावातून मागवताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो आधीच मागा. कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे 'पसंत नसल्यास परत' या हमीवर आपण विसंबू शकत नाही. बिलावर देश, साल, धातू आणि वजन लिहून घ्या आणि बिल नाण्यापेक्षा जपा. कस्टमवाल्यांना तेच दाखवायचं असतं.

आता माझा गाढवपणा. आखेनचा एक काळवंडलेला ग्रोशेन मी हौसेने चिंच आणि रांगोळीने घासला, देवाची उपकरणी घासतात तसा. लख्ख झाला. पुढे एका प्रदर्शनात एका जाणत्या गृहस्थांनी तो उजेडात तिरका धरला, भर पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे पाहिले आणि काही न बोलता परत दिला. तो काळा थर सहाशे वर्षांत बसला होता, मी तो पाच मिनिटांत काढला. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजत ठेवा, टिपून वाळवा, बस.

ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, त्यांतून हिरवट चिकटा सुटतो. आम्लविरहित कागदाची छोटी पाकिटं, वर पेन्सिलीने साल जसं दिसतं तसं आणि जसं वाचलं तसं, दोन्ही. गोदावरीला पूर येतो त्या महिन्यांत घरात ओल असते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि पंधरा दिवसांनी बदलतो. बदलल्याची तारीख झाकणावर लिहितो, सालाचे चारही अंक घालून.