भाकरी न सोडता वजन कसं उतरवायचं

वजन कमी करायचं ठरलं की आपल्याकडं सगळ्यात आधी भाकरी बंद होते. मी पण तेच केलं होतं, दोन महिने रात्री नुसतं सूप, वजन उतरलं आणि दिवाळीपर्यंत होतं तिथं परत आलं. खरं तर ज्वारीची मध्यम भाकरी दीड-दोनशे कॅलरीची, अन् पोट भरणारी. गणित चुकतं ते तेलात, कुटात आणि चहात.

पहिलं काम, तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त जे तोंडात जायलंय ते सगळं लिहा, लेकरांच्या ताटात उरलेला घास आणि येता-जाता घेतलेला चिवडासुद्धा.

मग तेल मोजा, हे लई महत्त्वाचं. महिन्याला घरात किती लिटर येतं त्याला माणसांनी भागा. माणशी २ लिटर येत असेल तर रोजच्या साधारण साडेपाचशे कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या, कारण १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, मग ते घाण्याचं करडईचं असो की रिफाइंड. १ लिटरवर आणलं की उपाशी न राहता पावणेतीनशे वाचतात. त्यासाठी तेलाच्या डब्यातली पळी काढून चमचा ठेवा, अंदाजानं ओतणं बंद होतं.

शेंगदाणे सोडू नका, पण मूठभर म्हणजे ३० ग्रॅम दाण्यात १७० कॅलरी असतात, म्हणून वांग्याच्या भाजीत कूट असेल त्या जेवणाला दाण्याची चटणी नको. चहा चार कप अन् प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे १६० कॅलरी, आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करत चला, जिभेला कळत पण नाही. आणि एकादशी, दुप्पट खाशी हे साबुदाण्याच्या खिचडीला शंभर टक्के लागू आहे, त्यापेक्षा वाटीभर भगर आणि ताक घ्या.

ताटात अर्ध्या भागात मेथी, अंबाडी, काकडी, मुळा असं काहीतरी, वाटीभर घट्ट वरण, मग भाकरी. आधी भाजी-वरण खाल्लं की दुसरी भाकरी बरेचदा लागतच नाही.

आता चालणं. ६५-७० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर १२० ते १५० कॅलरी जळतात, म्हणजे मूठभर दाण्यापेक्षाही कमी, त्यामुळं चालून आल्यावर टपरीवर भजे खाल्ले तर हिशोब उलटा होतो. तरी चालायचंच, आठवड्याला किमान १५० मिनिटं, साखर-बीपीला त्याचा फायदा वेगळाच आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सूर्य वर यायच्या आत चालून या. आठवड्यातले दोन दिवस उठाबशा पण घाला, नाहीतर चरबीसोबत स्नायूही झिजतात.

रोज ५०० कॅलरीची तूट पडली तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं, पुढं वेग मंदावतो कारण हलक्या शरीराला कमी लागतं. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करा आणि कंबर पण मोजा, बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत हवी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरला सांगा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

तीन आठवडे काटा हललाच नाही तर उपास धरू नका, परत तीन दिवस लिहून काढा आणि तेलाच्या डब्यात चमचाच आहे का पळी परत आली ते बघा.