खाणीवर इन्स्पेक्शन येणार म्हटल्यावर आधी माती बघा

नोटीस आली की सगळेजण पहिल्यांदा हेल्मेट, बूट बाहेर काढतात. ते करा, त्यावर जास्त बोलत नाही. लीज डीड (खाणपट्ट्याचा करार), ईसी म्हणजे पर्यावरण मंजुरी, प्रदूषण मंडळाचं सीएफओ म्हणजे खाण चालवायची संमती, मंजूर क्वारी प्लॅन (खाणकामाचा आराखडा), ब्लास्टरचं सर्टिफिकेट एका फाईलला लावा, मुदती बघा, झालं.

आता माती. वरची माती, जेसीबीनं पहिल्यांदा खरवडून काढतो ती. मागच्या खेपेला आमच्याकडं हेच राहिलं. ढीग होता, पण मुरूम आणि माती एकत्र, बोर्ड नाही, रजिस्टर नाही. साहेबांनी काठीनं उकरून बघितलं तर आतनं चिपा आणि दगडच निघाले, आणि टॉप सॉइल वेगळी ठेवलेली नाही असा शेरा लागला. तेव्हा माती वेगळी ठेवा, ओव्हरबर्डनच्या, म्हणजे दगडावरनं काढलेल्या बिनकामाच्या मुरमाच्या, शेजारीसुद्धा नको, टिप्परवाला घाईत असतोय, जवळ दिसलं की तिथंच ओततोय. ढीग उंच करू नका, पसरट ठेवा, पायथ्याला दगडांची रांग लावा, भोवती चर मारा, वर ताग किंवा गवत पेरा. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा पाऊस माहीत आहे ना, उघडा ढीग एका पावसाळ्यात धुऊन खालच्या भातात जातोय आणि मग शेतकरीही भांडायला येतोय, त्याचं चुकतंय असंही नाही.

बोर्ड कन्नडमध्ये लावा, साहेब तोच वाचणार. रजिस्टरमध्ये तारीख, कुठल्या भागातली माती, किती टिप्पर, नंतर कुठं वापरली, एवढं तरी पाहिजेच. आणि हे आदल्या रात्री बसून एकाच पेनानं लिहू नका, बघणाऱ्याला लगेच कळतंय.

एवढं का सांगतोय, तर खड्डा मुरमानं भरता येतोय पण मुरमावर उगवणार काय? 8 जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की खाणकाम थांबल्यावर लीजवाल्यानं तिथं परत गवत लावायचं, चारा आणि झाडं येतील अशी जमीन करून द्यायची. ती कशावर करणार, माती गेली तर?

हद्दीचे पिलर. गवत कापा, नंबर परत रंगवा, नकाशाशी जुळवा. हद्दीपासून 7.5 मीटरचा पट्टा सोडलेला पाहिजे, तिथं टेपच लावून बघतात, अंदाजानं सांगू नका. बेंचची, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीची, रुंदी उंचीपेक्षा कमी नको, सरळ भिंत दिसली तर पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. झाडं हद्दीच्या त्या पट्ट्यातच लावलेली असतात, पण लावली किती ते नाही, जगली किती ते मोजतात. मेलेल्या जागी आता करंज, जांभूळ, काजू लावा, निलगिरीच्या नादी लागू नका. आळी ओली पाहिजेत, नुसता ट्री गार्ड दाखवून चालत नाही. आणि हो, झाडांच्या खड्ड्यात ती साठवलेली माती घातली असेल तर रजिस्टरमध्ये लिहा, माती वापरल्याचा तोच पुरावा.

ईसीचा सहामाही रिपोर्ट 1 जून आणि 1 डिसेंबरला जातोय, प्रदूषण मंडळाला द्यायचं वर्षाचं पर्यावरण विवरण, फॉर्म पाच, 30 सप्टेंबरपर्यंत. दोन्हींच्या पोचपावत्या काढून ठेवा. रिपोर्टात मातीचा आकडा एक आणि रजिस्टरमध्ये दुसरा असं झालं तर संपलंच, आधी दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

धूळ: खडी मशीन पत्र्यांनी झाकलेलं, फवारे चालू, टँकरचं लॉगबुक. चर आणि गाळाची टाकी उपसून घ्या. खड्ड्याला कुंपण. सुरुंगाच्या वेळेचा बोर्ड, सायरन. पर्मिट आणि वजनकाट्याच्या पावत्या जुळवा. साहेबांबरोबर फिरायला साइट माहीत असलेला माणूस द्या, मातीचा ढीग कुठं आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं पाहिजे. पाहणीच्या नोंदीची कॉपी मागून घ्या आणि शेरा आला तर मुदतीत उत्तर द्या, फोटोसकट.