जगभरची जुनी ध्वनिमुद्रित गाणी कशी ऐकावीत

विसाव्या शतकाच्या आरंभीची गाणी ऐकायला घेताना देश किंवा संगीतप्रकार निवडण्याआधी १९२५ हे वर्ष ध्यानात ठेवावे. तोवर ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन रुळला नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गाई आणि केवळ त्याच्या आवाजाच्या जोराने सुई मेणाच्या तबकडीवर खाचा कोरत असे. म्हणूनच खणखणीत आवाज आणि पितळी वाद्ये तेव्हा बाजारात चालली; तबकडीवर जागाच कमी असल्याने गाणीही सुमारे तीन मिनिटांत आटोपत. इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारूसोने १९०२ मध्ये मिलानच्या एका हॉटेलात केलेली ध्वनिमुद्रणे ऐकली की कर्ण्याला मानवणारा आवाज म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वर्षी कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गायिका गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात. तबकड्या दूर जर्मनीत छापल्या जात, तेव्हा ही ओळख उपयोगी पडे.

शोधासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे 'नॅशनल ज्यूकबॉक्स' आणि इंटरनेट आर्काइव्हवरील मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा संग्रह पुरेसा आहे. गाण्याच्या नावापेक्षा तबकडीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक टिपून ठेवावा, कारण एकच गाणे अनेकांनी गायलेले असते, पण हा क्रमांक नेमके कोणते ध्वनिमुद्रण हे सांगतो.

खरी मेख वेगात आहे. '७८' हा आकडा सुरुवातीच्या काळात सर्वत्र काटेकोरपणे पाळला जात नसे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली, तर पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि भारदस्त गायक उगाच चिरका वाटतो. अशी शंका आल्यास 'ऑडॅसिटी'सारख्या ध्वनिसंपादनाच्या मोफत संगणक-प्रणालीत वेग थोडा उतरवून पाहावा. खरखर पूर्णपणे काढून टाकलेल्या प्रती मात्र शक्यतो टाळाव्यात. त्या सफाईत शब्दांतली व्यंजनेही घासली जातात, आणि माझ्या मते खरखर सोसलेली बरी.

त्यानंतर प्रदेशांकडे वळावे. अमेरिकन गायिका मेमी स्मिथ यांचे १९२० चे 'क्रेझी ब्लूज' ऐकताना गाणाऱ्या बाईंइतकेच मागच्या पितळी वाद्यांकडे लक्ष द्यावे. ब्युनोस आयर्सचे गायक कार्लोस गार्देल यांनी 'मी नोचे त्रिस्ते' हा टँगो १९१७ मध्ये कर्ण्यासमोर गायला आणि १९३० मध्ये पुन्हा मायक्रोफोनसमोर; ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत आणि दुसऱ्यात गिटार किती पुढे आली आहे, ते पाहावे.